दाराकडून सातवी खिडकी

सोमवार, २ मार्च

या वहीची पुढची बावन्न पानं कॉलेजची आहेत. प्रयोग क्रमांक एक ते सात, त्यातला सातवा अर्धा. तिथून पुढे कॉलेजही नाही आणि प्रयोगही नाही. पण वही जाड पुठ्ठ्याची, टाकवत नाही, म्हणून मागच्या बाजूने लिहायला घेतली. एक पान रेघांचं, एक कोरं, आकृत्यांसाठी. आकृत्या मी काढणार नाही. कोरी पानं कोरीच राहतील.

कॉलेज का सोडलं याची मी तीन उत्तरं दिलेली आहेत. आईला सांगितलं, सरांनी सगळ्यांसमोर अपमान केला. मामाला सांगितलं, त्या शिक्षणात काही राम नाही. मित्रांना सांगितलं, टेबलावर वही आपटली आणि चालता झालो. तिन्ही खरी आहेत. दोन विषय राहिलेत हेही खरंच आहे, पण ते कुणी विचारलेलं नाही.

तर आजपासून मामाच्या हाताखाली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रंगकामाचा ठेकेदार. पहिलंच काम माझ्या जुन्या शाळेचं निघावं, हा नशिबाने मारलेला टोमणा. दिवसभर व्हरांड्याची भिंत खरवडली. पापण्यांवर पांढरी धूळ बसली, दात कचकच करतायत. मामा अधूनमधून खालून ओरडतो, "काय इंजिनिअर, गणित करून खरवडताय का? संध्याकाळ व्हायच्या आत होऊ दे."

दुपारी घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्यांच्या दुपायी लाकडी शिडीवर, उभा होतो, तेव्हा खाली एक बाई येऊन बादलीत डोकावल्या. बाई कसल्या, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल. हाताला कोपरापर्यंत रंग.

"हा रंग कुणी निवडला?"

"हेडसरांनी. बदामी आहे."

"बदाम बघितलाय का त्यांनी कधी?"

मी असा हसलो की घोडा डगमगला. ती चित्रकला शिकवते. पोरं तिला रंगबाई म्हणतात.

लिहून ठेवतो : आजचा दिवस वाईट गेला नाही.

गुरुवार, ५ मार्च

चित्रकलेच्या वर्गाबाहेरची भिंत घासायला तीन तास लागले. एका तासाचं काम होतं. खिडकी उघडी होती, त्याला मी काय करू.

तिने टेबलावर एक पोचा आलेली किटली ठेवली आणि म्हणाली, पेन्सिली खाली, दहा मिनिटं फक्त बघायचं. एक पोरगा अर्ध्या मिनिटात म्हणाला, "बाई, झालं बघून."

"पोचा कुठल्या बाजूला आहे?"

"...परत बघतो."

हळूहळू एकेक बोलायला लागलं. पोच्यात खिडकी उलटी दिसते. झाकणाची मूठ बदललेली आहे, तिचा स्क्रू वेगळा आहे. एक मुलगी म्हणाली, ही रोज एकाच माणसाने धरलेली आहे, कारण दांडीचा रंग एकाच जागी उडालाय. मी पॉलिशपेपर हातात धरून तसाच उभा. दोन वर्षं कॉलेजात बसलो, कुणी मला दहा मिनिटं एखादी वस्तू बघायला सांगितली नाही. व्याख्या पाठ करायला सांगितल्या.

एकाने किटली सोडून दोन डोंगर, मधे सूर्य आणि चार कावळे काढले. ती म्हणाली, "हे डोंगर तुला कुठून दिसतात?"

"कुठूनच नाही. सगळे काढतात ते."

"मग ज्याचे असतील त्याला परत देऊन ये."

सगळा वर्ग हसला. तो पोरगाही.

त्या वर्गातली मागची अख्खी भिंत खिडक्यांची आहे. खऱ्या नव्हेत, रंगवलेल्या. आमच्या वेळच्या चित्रकलेच्या गुरुजींनी ही चाल पाडली : चौथी संपली की प्रत्येकाने त्या भिंतीवर वीतभर चौकोनात आपल्या घराच्या खिडकीतून दिसतं ते काढायचं. 'छान करू नका, आहे तसं करा,' असं ते म्हणायचे. पहिली तुकडी आमचीच. गुरुजी गेल्यावर तिने चालू ठेवलं. अकरा वर्षांच्या साडेतीनशेच्या आसपास खिडक्या. भिंत, वाळत घातलेले कपडे, समोरच्याची पाठ, एका खिडकीत तर फक्त विजेचा खांब.

तिने विचारलं, "तुम्ही इथलेच ना? तुमची कुठली?"

म्हटलं, "आठवत नाही. डोंगर काढले असतील."

घरी आईला सांगितलं, तर तिचे हात एकदम थांबले. "तुझी खिडकी आहे का रे अजून? त्यात तुझे बाबा होते." म्हटलं, बघतो गं. बाबा त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. ते घरही सुटलं. मला त्या घरातलं फारसं आठवत नाही आणि ओढूनताणून आठवावं असंही वाटत नाही.

शनिवार, ७ मार्च

तिने आज मला "अरे" म्हटलं. "अरे, तो ब्रश दे जरा." कालपरवापर्यंत "अहो" होतं. एवढंच लिहायचं होतं.

बुधवार, ११ मार्च

डोकं तापलंय. चित्रकलेची खोली जाणार.

तिथे स्पर्धा परीक्षेचा सराव वर्ग करायचा आहे. भिंतीवर यंत्रातून धडे दाखवणार, म्हणून मागची भिंत पांढरी हवी, पडद्यासारखी. एक तारखेला तपासणी. त्याच्या आत. मामाला हेडसरांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

हेडसर तिला समजावत होते. खरं लिहायचं तर ते काही राक्षसासारखे बोलत नव्हते. "बाई, माझ्याकडे पालक येतात. ते विचारतात, किती मुलं पुढच्या परीक्षेला बसली? कुणी विचारत नाही, किती मुलांनी किटली बघितली. मी त्यांना काय दाखवू?"

ती चिडली नाही. म्हणाली, "सर, ज्या मुलीने दांडीचा उडालेला रंग बघितला ना, ती गेल्या वर्षी वाचत नव्हती. अक्षरं तिला सगळी सारखी दिसायची. आता तिला फरक दिसतो. मी तिला वाचायला शिकवलं नाही, फक्त बघायला बसवलं."

 मग तिने तोडगा काढला : भिंतीला हात लावू नका, तिच्यापुढे लाकडी चौकट उभी करून पांढऱ्या फळ्या बसवू. पडद्याचं काम होईल, खिडक्या मागे जशाच्या तशा राहतील. पुढे कधी कुणाला वाटलं तर फळ्या काढता येतील. हेडसर म्हणाले, शाळेवर भार नको आणि तपासणीच्या आत झालं पाहिजे. सोमवारी सही करतो.

मला हे पटलं नाही. चांगल्या गोष्टीसाठी सहीची भीक कशाला? मी असतो तर भिंतीसमोर आडवा पडलो असतो. मामा म्हणाला, "पड की. तुझ्यावरही एक हात मारून घेऊ."

शनिवार, १४ मार्च

फळ्यांचं माप घ्यायला तिने एका सुताराला आणलं. कानामागे पेन्सिल, बोलणं कमी. तिचा चुलतभाऊ वगैरे असावा, कारण न विचारता तिच्या डब्यातलं खात होता आणि तिने त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला. चुलतभावांना अशी सवय असते.

फीत धरायला मला का नाही बोलावलं? मी तिथेच होतो. माझ्याकडे शिडी आहे.

फीत गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "अरे, तुझी खिडकी सापडली! गुरुजींच्या जुन्या यादीत नाव आहे. तिसरी रांग, दाराकडून सातवी. एक माणूस सायकल पुसतोय. डावखुरा आहे."

म्हटलं, "तेव्हा डावं-उजवं कुठं कळत होतं. चुकलं असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बघून तर ये. दहा पावलं आहेत."

बघणारच होतो. पण तेवढ्यात तो सुतार तिला वहीत काहीतरी दाखवायला लागला आणि ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. तिथून मला हलवलं नाही. खिडकी काय, ती कुठे पळून जात नाही.

तिच्या लक्षात राहिली माझी खिडकी. साडेतीनशेतली माझी. याचा काहीतरी अर्थ असणारच.

सोमवार, १६ मार्च

आज मी भांडलो. तिच्यासाठी भांडलो. अक्षर वाकडं येतंय.

झालं असं. हेडसर सहीचा कागद घेऊन वर्गात आले. सुतार होता, ती होती, मी दारात घोड्यावर चौकट रंगवत होतो. हेडसरांनी भिंतीवरून नजर फिरवली आणि हसत हसत म्हणाले, "बाई, एवढ्या खिडक्या आहेत, पण एकीतूनही निकाल काही दिसत नाही हं."

ती हसली. सुतारही हसला. दोघं हसले! आणि माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. सकाळपासून तो माणूस तिच्या शेजारी उभा होता, तेही असेल. मी वरूनच ओरडलो, "तुम्हाला कसा दिसणार सर? बदाम न बघता बदामी रंग निवडणारे तुम्ही!"



 हेडसर तिच्याकडे वळले. "हे वाक्य याचं नाही," ते म्हणाले. "व्हरांड्यातून जाताना पोरं फिदीफिदी हसतात, ती यावरच होय?"

तिने नाही म्हटलं नाही. तिला खोटं बोलता येत नसावं.

त्यांनी कागदाची घडी केली, एकदा, दोनदा, आणि खिशात घातली. "फळ्याबिळ्या काही नकोत. रविवारी भिंत पांढरी झाली पाहिजे. आणि कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या पोरांकडून मला शिक्षण शिकायचं नाही."

मामाने मला कॉलर धरून बाहेर काढलं. "चौदा वर्षं मी या धंद्यात आहे. रंगाऱ्याने दोनच गोष्टी उघड्या टाकायच्या नसतात, रंगाचा डबा आणि तोंड. तू पहिल्याच महिन्यात तोंड उघडं टाकलंस."

ती नळावर ब्रश धूत होती. मी गेलो.

"कुणासाठी भांडलास?"

"तुमच्यासाठी."

"मी मागितलं होतं?"

मग ती ब्रश धूतच राहिली. तो कधीच स्वच्छ झाला होता. मला वाटतं, मनातून तिला बरं वाटलं असणार. तिच्यासाठी याआधी कुणी भांडलं नसेल.

आता दोन तासांनी वाचलं. वरचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू दे. वही खोटी करायची नाही.

शुक्रवार, २० मार्च

चार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच होतं की ती मला परत "अहो" म्हणायला लागली.

आज मात्र युक्ती सापडली.

मामाचं दुसरं काम एका कपड्यांच्या दुकानात चाललंय. आत नवीन मांडणी होईपर्यंत बाहेरच्यांना दिसू नये म्हणून काचेला आतून पांढरं फासतात. ती खडूची पांढरी, पाण्यात कालवलेली नुसती भुकटी, डिंक अजिबात नाही. डिंक नाही म्हणून ती धरत नाही. काम संपलं की ओलं फडकं मारायचं, काच लख्ख. आज मीच पुसली. फडक्याच्या एका हाताबरोबर आतली पुतळी दिसली, तिच्या अंगावरचा झगा, झग्याची गुंडी, सगळं जसंच्या तसं. मी तिथेच उभा राहून हसलो. मामाला वाटलं मला लागीर झालं.

भिंतीला हीच पांढरी! रविवारी हेडसरांना पांढरी भिंत मिळेल. तपासणी होईल. मग कधीतरी एक ओलं फडकं, आणि साडेतीनशे खिडक्या उघड्या. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. कॉलेजात सुचणाऱ्याला मार्क नसतात म्हणून मी सोडलं.

संध्याकाळी तिला गाठलं. "भिंत मीच रंगवणार आहे. तुम्ही निर्धास्त राहा. माझ्यावर सोडा."

"म्हणजे काय करणार आहात?"

"ते आत्ता नाही सांगत."

ती थकलेली दिसली. म्हणाली, "अरे," (अरे!) "काहीही करायच्या आधी मला विचार. त्या भिंतीबद्दल तुला माहीत नाही ते मला माहीत आहे."

हो म्हटलं. पण आधी विचारून दिलेली भेट ही काय भेट असते का?

मग तिने सांगितलं की एकतीस तारखेला ती शाळा सोडतेय. चित्रकला आता पंधरवड्यातून एकच तास, त्यासाठी वेगळी बाई नको. "ते तसंही ठरलेलंच होतं," म्हणाली. "जाताना भिंत तेवढी सुखरूप ठेवून जायचं होतं." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी ठेवीन. तिला दाखवूनच ठेवीन. जायच्या आधी.

रविवार, २२ मार्च

भिंत पांढरी झाली.

मामाला सांगितलं, हे काम मला एकट्याला करू दे, माझं तोंड मीच निस्तरतो. तो म्हणाला, "चला, अक्कल आली." तो पुढच्या इमारतीत गेला. डबा कुणी बघितला नाही.

मऊ ब्रश, हलका हात. वरून सुरुवात केली. कपडे गेले, खांब गेला, समोरच्याची पाठ गेली. एका खिडकीत एका पोरीने फक्त पाऊस संपल्यावरचं डबकं काढलं होतं, त्यात उलटं घर. तेही गेलं. दर थोड्या वेळाने ब्रश निळसर, मातकट दिसत होता. आदल्या दिवशी तो नीट धुतला नसणार. धुऊन परत सुरू करायचो.

तिसऱ्या रांगेत आलो. दाराकडून मोजलं, पाच, सहा, सात. गज निळे होते. एक चाक दिसलं, वाकलेली पाठ दिसली, बाहीतून आलेला हात दिसला. थांबणार होतो, पण तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली आणि मला वाटलं, आपण स्वतःच्याच चित्रापाशी रेंगाळतोय असं तिला दिसायला नको. दोन हात मारले. पुढे सरकलो.

ती बराच वेळ दारात उभी होती. मी वळून हसलो, काळजी करू नका अशा अर्थाने. तिने तोंड फिरवलं आणि गेली. तिला रडू येत होतं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. सहाच दिवस, मग बघ.

शनिवार, २८ मार्च

लिहायचंच आहे. नाही लिहिलं तर उद्या मी याचंही एक चौथं उत्तर तयार करीन.

हेडसर बैठकीला बाहेर. शाळेला सुट्टी. ती सकाळी सामान न्यायला येणार हे शिपाईकाकांकडून कळलं होतं. मी तासभर आधी गेलो. स्वच्छ पाणी, स्वच्छ पांढरं फडकं, नवीन आणलं होतं. म्हटलं, निदान एक रांग उघडून ठेवतो, ती दारातून आत आली की समोर खिडक्या. तपासणीआधी परत पांढरं फासता येईल.

कुठली आधी उघडायची? माझी. तिने शोधून काढलेली. ती बघ म्हणाली होती आणि मी बघितली नव्हती. म्हटलं, आता दोघं मिळून बघू.

फडकं ओलं केलं, मारलं. पांढरं निघालं. त्याच्याबरोबर निळंही आलं.

मला वाटलं वरचा थर असेल. परत मारलं. गज हलले. खरंच हलले, पाण्यासारखे खाली ओघळले आणि चाकात मिसळले. मी घाईघाईने कडेने टिपायला गेलो तर पाठ पुसली गेली. मग मी भान हरवून बसलो. जितकं निघतंय तितकं जोरात घासत गेलो, जणू खाली अजून एक खिडकी असेल. खाली गिलावा होता.

"थांब."

ती दारात होती. मागे सुतार, हातात दोऱ्यांची गुंडाळी.

मी म्हटलं, "काचेवरून तर येतं... दुकानात मी स्वतः..."

ती जवळ आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलं पाण्यात विरघळणारे रंग वापरतात, म्हणाली. डबीतली भुकटी, चिमूटभर डिंक. लहान पोरांना ऑइलपेंट कोण देतं? भिंत अकरा वर्षं टिकली कारण तिला कुणी पाणी लावलं नाही. "कोरड्या ब्रशने धूळ झाडायचे मी, दर शनिवारी. म्हणून तुला म्हटलं होतं, आधी विचार."

मी फडकं बादलीत बुडवायला लागलो. का ते माहीत नाही. हातांना काहीतरी हवं होतं. तिने माझं मनगट धरलं. इतके दिवस ज्याची वाट बघत होतो तो हात असा आला.

"बाकीच्या पुसू नकोस," ती म्हणाली. "आत आहेत. त्यांना तसंच राहू दे."

म्हणजे तीनशे एकोणपन्नास, किंवा जितक्या असतील तितक्या खिडक्या तिथे आहेत. फक्त कुणीही कधीही त्या बघायच्या नाहीत. बघायला गेलं की संपल्या.

सुताराने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्याने ते पिळलं नाही. घडी करून बादलीच्या कडेवर ठेवलं, ओली निळी बाजू आत ठेवून. मग सामान बांधायला लागला. चांगला माणूस आहे. मला त्याचा तिरस्कार करायचा होता, ते काही जमलं नाही.

निघताना ती म्हणाली, "आम्ही मंगळवारी निघतो."

आम्ही.

मी विचारलं, "माझ्यावर राग आहे?"

तिने थोडा वेळ घेतला. तिच्या मुलांना देते तसा. "तुला चांगलं करायचं होतं, हे दिसतं रे. पण तू भिंतीकडे कधी बघितलंच नाहीस. तू सगळा वेळ मी बघतेय का, ते बघत होतास."

रविवार, २९ मार्च

मामाला सगळं सांगितलं. त्याने शिवी दिली नाही, त्यामुळे जास्त लागलं. भिंतीवरून बोट फिरवून बघितलं, बोट पांढरं झालं. "हे असं सोडता येणार नाही. पोरांच्या पाठीला लागेल, पंख्याच्या वाऱ्याने झडेल. वरून पक्का हात लागेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी मारतो. तू बाहेर बस."

म्हटलं, नाही, मीच मारतो.

आधी पक्कं अस्तर. मग डिस्टेंपरचे दोन हात. रोलर फिरताना चिकट आवाज होतो. सातव्या जागी गिलावा ओला होता, तिथे पुट्टी भरावी लागली. वाळल्यावर आता कुणालाच ओळखू येणार नाही. मला येईल.

मंगळवार, ३१ मार्च

ते गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. ती गल्लीच्या तोंडाशी टेम्पोत बसलेली लांबून दिसली. मांडीवर ती पोच्याची किटली होती.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "शाळेचं काम संपलं ना? मग रविवारी मला घेऊन चल. शिपाई तुला ओळखतो, आता सोडेल आत."

"आता म्हणजे?"

"आधी मी दर वर्षी निकालाच्या दिवशी जायचे. तुझा निकाल नसला तरी. पालकांच्या गर्दीत कोण विचारतंय. तीन वर्षं झाली, दारावर नवीन माणूस आहे, मुलाचं नाव विचारतो. मग काय सांगू?"

मला हे माहीत नव्हतं. सात-आठ वर्षं ती जात होती आणि मला माहीत नव्हतं.

सांगून टाकलं. एक उत्तर, खरं. काय केलं, कुणासाठी केलं, आणि कुठली खिडकी पहिली पुसली. तिने ऐकलं. हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

मी ही वही उघडून बसलो. समोर कोरं पान. पेन्सिल घेतली. त्या खिडकीतून काय दिसायचं? डोळे मिटले तर दोन डोंगर आणि मधे सूर्य. शप्पथ. आमच्या घराच्या आसपास वीस मैलांत डोंगर नव्हता.

बऱ्याच वेळाने आई येऊन शेजारी बसली. डोळे लाल होते, आवाज नेहमीचा. "गज चार होते," ती म्हणाली. "तिसरा वाकलेला, तूच लोंबकळून वाकवलास."

मी काढला.

"खाली नळ. नळाला फडक्याची चिंधी. हं. आता सायकल, भिंतीला टेकवून."

मी सायकल काढली. पाठ काढली, वाकलेली. बाही, बाहीतून हात, हातात फडकं. चांगलं जमलं असं मला वाटलं.

आई बघत होती. म्हणाली, "हे कोण?"

"बाबा."

"हात चुकलाय. ते डावखुरे होते. उजव्या हाताने त्यांना साधं कुलूप उघडायचं नाही." तिने बोटाने त्या हातावर हलकेच टेकवलं. "तेव्हा बरोबर काढला होतास."

मी खोडरबर शोधायला उठलो. घरात खोडरबर नव्हतं. परत येताना भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर थांबलो. घरात त्यांचा तो एकच फोटो आहे, ओळखपत्रावरून मोठा केलेला. मी तो बघितला, पहिल्यांदाच, पुरता वेळ घेऊन. तो छातीपाशी संपतो. त्यात हात नाहीत.